काढा सासूबाईंचा, इंजेक्शन डॉक्टरांचं, आणि मधात मी

पत्र थोडक्यात असं आहे. नागपुरात राहणारी, शाळेत शिकवणारी ३४ वर्षांची वाचक. दीड वर्षापासून हाताची बोटं सुजतात, सकाळी उठल्यावर तासभर मूठ वळत नाही, तपासणीत रूमेटॉइड संधिवात निघाला. आठ महिने मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या झाल्या, थोडा फरक पडला, पूर्ण नाही, म्हणून आता डॉक्टर म्हणतात की टीएनएफ, म्हणजे सूज भडकवणारं शरीरातलं एक प्रोटीन, ते अडवणारं इंजेक्शन सुरू करू. पण २०२१ च्या एप्रिलमध्ये तिचे वडील कोविडने गेले, 'सायटोकाइन स्टॉर्म' हा शब्द तिने तेव्हाच पहिल्यांदा ऐकला, आयएल-६ नावाच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट हातात धरून ती रात्रभर हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर बसली होती. आता घरात सगळे म्हणतात की इम्युनिटी दाबणारं औषध म्हणजे आजाराला घरचं आमंत्रण. सासूबाई रोज सकाळी गुळवेलीचा काढा देतात. तिने पाच आठवड्यांपासून गोळ्या बंद केल्यात आणि डॉक्टरांना सांगितलेलं नाही. तिचा प्रश्न: "ताई, मी इम्युनिटी वाढवू की दाबू? दोन्हीची भीती वाटते."

अगं, गोळ्या बंद आहेत आणि डॉक्टरांना माहीत नाही, आपण इथूनच सुरू करू, कारण बाकी सगळं यावरच टेकलेलं आहे. तुझे डॉक्टर इंजेक्शनचा विचार करून राहिले ते हे धरून की तू गोळी घेते आणि तरीही सूज आहे. उद्या ते तुझी बोटं दाबून पाहतील, सूज वाढलेली दिसेल, आणि त्यांना वाटेल मेथोट्रेक्सेट फेल गेलं, खरं तर ते पोटात गेलंच नाही. म्हणजे निर्णय चुकीच्या माहितीवर होणार, आणि तू ज्याला घाबरते ते मोठं औषध कदाचित लवकरच हातात पडणार. आणि खरं सांग, बंद करायच्या आधीच्या आठ महिन्यांत किती डोस चुकले? मला नको सांगू, पण त्यांना सांग.

मी डॉक्टर नाही हे जुन्या वाचकांना माहीत आहे, कॉलेजात पंचवीस वर्षं मायक्रोबायोलॉजी शिकवली एवढंच. त्यामुळे अमुक औषध घे, तमुक सोड असं मी सांगणार नाही. पण 'वाढवू की दाबू' हा जो तुझा प्रश्न आहे ना, त्याच्याशी मला थोडं भांडायचं आहे.

आपण इम्युनिटीकडे कुलरच्या बटणासारखं बघतो. गरमी वाढली, हाय वर टाका, थंडी वाजली, लो वर आणा. कोविडनंतर तर चवनप्राशपासून बिस्किटापर्यंत सगळ्यावर 'इम्युनिटी वाढवा' लिहून आलं आणि आपल्या डोक्यात पक्कं बसलं की जास्त म्हणजे चांगलं. शरीरात असं एकच बटण नाहीच. तिथे कोट्यवधी पेशी आहेत आणि त्या एकमेकींना निरोप पाठवत असतात, त्या निरोपांना सायटोकाइन म्हणतात. छोटी छोटी प्रोटीनं असतात, एक पेशी सोडते, दुसरीच्या अंगावर त्यासाठीच बनलेली जागा असते, तिथे जाऊन चिकटलं की त्या पेशीच्या आत कामं सुरू होतात. काही निरोप म्हणतात 'या, इकडे गडबड आहे', काही म्हणतात 'वाढा', काही म्हणतात 'झालं, आता घरी जा'. हे शेवटचे लक्षात ठेव, याच्यावर परत येते.

लिंबाचा काटा बोटात शिरला असं समज. त्या जागी आधीपासून बसलेल्या मॅक्रोफेज नावाच्या पेशींना जंतूचा वास लागतो आणि त्या टीएनएफ, आयएल-१, आयएल-६ नावाचे निरोप सोडतात. मग तिथल्या रक्तवाहिन्या रुंद होतात, त्यांच्या भिंती जराशा सैल होतात, आतून चिकट होतात, रक्तातून वाहत जाणाऱ्या पांढऱ्या पेशी तिथे अडकतात आणि बाहेर उतरतात. बोट लाल, गरम, सुजलेलं, ठणकणारं, म्हणजे हा सगळा बंदोबस्त आहे. जंतू जास्त असले तर निरोप लांब जातो. आयएल-६ लिव्हरपर्यंत पोचलं की लिव्हर सीआरपी नावाचं प्रोटीन बनवतं, तुझ्या रिपोर्टमध्ये सीआरपीचा आकडा असतो ना, ती त्या निरोपाची पोचपावती समज. मेंदूपर्यंत पोचलं की तिथे प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन तयार होतं आणि ताप चढतो, पॅरासिटामॉल तिथेच आडवं येतं. तापात अंग मोडून येतं, जेवण नको वाटतं, नुसतं पडून राहावं वाटतं, तेही जंतू कमी आणि हे निरोपच जास्त करतात.

आता मारबत आठव, आपल्या नागपूरची ती मिरवत नेऊन जाळायची मोठी बाहुली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जागनाथ बुधवारीतून पिवळी मारबत निघते, इतवारीकडून काळी, ढोलताशे, बडगे, 'इडा पिडा रोगराई घेऊन जा गे मारबत' असं ओरडत गल्लीगल्लीतून माणसं येऊन मिळतात. लहानपणी मी बाबांच्या खांद्यावर बसून पाहिलेली आहे, त्या गर्दीत खांद्यावरून खाली उतरायची हिंमत नव्हती बाप्पा. पण मारबत जळली की ढोल थांबतात आणि तीच गर्दी घरी जाते. समज जळायला काहीच नाही, आणि तरी ढोल थांबतच नाहीत, रात्र झाली, दुसरा दिवस उजाडला, माणसं येऊनच राहिली. मग दुकानांच्या पाट्या, ओटे, नाल्या, काय काय तुटेल सांग.

तुझ्या बोटांच्या सांध्यात हेच चालू आहे. काटा नाही, जंतू नाही, शरीर आपल्याच माणसाला परकं समजून बसलं आहे, आणि टीएनएफ, आयएल-६ चे ढोल वाजतच आहेत. सांध्याचं आतलं अस्तर जाड होतं, ते कूर्चेवर पसरतं, आणि हेच निरोप हाड कुरतडणाऱ्या पेशींनाही जागं करतात. 'घरी जा' म्हणणारा आयएल-१० नावाचा निरोप असतो, तो या आवाजात कमी पडतो. सकाळीच हात जास्त का आखडतो माहीत आहे? या आजारात रक्तातलं आयएल-६ पहाटेच्या सुमारास सगळ्यात जास्त असतं. आणि तू लिहिलंस ना की आयर्नच्या गोळ्या खाऊनही हिमोग्लोबिन वाढत नाही, त्याचंही एक कारण हेच असू शकतं, आयएल-६ मुळे लिव्हर हेप्सिडिन बनवतं आणि ते लोह कुलूपबंद करून ठेवतं. डॉक्टरांना हेही विचार.

म्हणजे तुझी इम्युनिटी कमी नाही. तिचा एक निरोप थांबायचं नाव घेत नाही. मग 'वाढवायचं' म्हणजे नेमकं काय वाढवायचं?

आता काढ्याचं. सासूबाई पाच वाजता उठून तुझ्यासाठी गुळवेल कुटतात, त्या कुटण्याला मी नाव ठेवणार नाही, माझ्या सासूने माझ्यासाठी एवढं केलं असतं तर मी अजून तिच्या गोष्टी सांगत असते. पण गुळवेल इम्युनिटी चेतवते असं जर खरंच मानायचं तर तुझ्या आजारात ती चेतवायची काहून? आणि दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा पेशंटांच्या लिव्हरला इजा झाल्याचं नोंदवलं, पुढच्या वर्षी देशभरातल्या हॉस्पिटलांनी मिळून अशा ४३ पेशंटांची नोंद छापली, आणि त्यातल्या बऱ्याच जणांचं लिव्हर असं बिघडलं होतं की जणू शरीरानेच त्यावर हल्ला केला. आयुष मंत्रालयाने पहिल्या अभ्यासावर आक्षेप घेतला, म्हटलं वनस्पती नीट ओळखलेलीच नाही, सारखी दिसणारी दुसरी वेल असू शकते. तो वाद असू दे. पण सासूबाईंनी आणलेली वेल कोणती आहे हे तरी कोणाला माहीत आहे? आणि मेथोट्रेक्सेटचा भारही लिव्हरवरच पडतो, म्हणून तर दर काही आठवड्यांनी ते टेस्ट करायला लावतात. माझं मत स्पष्ट आहे, तुझ्यासाठी हा काढा नको. भाजीतली हळद, संत्री, तर्री पोहे, जे घरात चालतं ते चालू दे.

कॉलनीत कोणीतरी नक्की म्हटलं असेल की 'मलेही असंच झालं होतं, काढ्यानं गेलं'. मला चिकनगुनिया झाला होता. ताप चार दिवसांत उतरला पण चार महिने कुकरचं झाकण उघडता आलं नाही, आमच्या मिस्टरांनी चहा करायला तेव्हा शिकलं. त्या काळात मी होमिओपॅथी, तिळाचं तेल, मेथीचे लाडू सगळं केलं आणि चार महिन्यांनी दुखणं गेलं. लाडवांनी गेलं? नाही गं, बहुतेकांचं ते वेळ गेला की आपोआपच ओसरतं. तुझा आजार तसा ओसरणाऱ्यातला नाही, म्हणून त्यांचा अनुभव खरा असला तरी तुझ्या कामाचा नाही. आणि कोणी अशी पुडी आणून दिली की दोन दिवसांत दुखणं गायब, तर आधी शंका स्टेरॉइडच्या भेसळीची घे.

वडिलांबद्दल लिहायला मला जड जातं, पण तुझ्या भीतीचं मूळ तिथे आहे म्हणून लिहिते. तुला वाटतं एकदा इम्युनिटी कमी पडली आणि मग तिचंच वादळ झालं, दोन्हीकडून मरण. यात थोडं तथ्य आहे. १९५७ मध्ये लंडनला आयझॅक्स आणि लिंडेनमन या दोघांना इंटरफेरॉन सापडलं, व्हायरसचा हल्ला झालेली पेशी शेजारणींना सावध करते तो निरोप. कोविडमध्ये गंभीर झालेल्यांपैकी किमान दहा टक्के लोकांच्या शरीरात या इंटरफेरॉनलाच निकामी करणाऱ्या अँटीबॉडी होत्या असं २०२० मध्ये दिसून आलं. म्हणजे सुरुवातीला जो निरोप हवा होता तोच कापला गेला. आणि नंतर फुफ्फुसात जे निरोप थांबायला हवे होते ते थांबले नाहीत. जून २०२० मध्ये ब्रिटनच्या 'रिकव्हरी' नावाच्या औषध-चाचणीने दाखवलं की डेक्सामेथासोन नावाच्या साध्या स्वस्त स्टेरॉइडने व्हेंटिलेटरवरच्या पेशंटांचे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी झाले, पण ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती त्यांना काही फायदा झाला नाही. तेच औषध, 'दाबणारं' औषध, वेळ बरोबर असेल तर जीव वाचवणारं. आणि तेच शुगर असलेल्यांना वाटेल तसं दिलं गेलं तेव्हा काळ्या बुरशीने काय केलं ते आपण नागपूरकरांनी पाहिलं आहे. 'स्टॉर्म' हा शब्दही जरा मोठाच होता, कोविडच्या बऱ्याच पेशंटांचं आयएल-६ जंतूंच्या जबर सेप्सिसमध्ये, म्हणजे अंगभर भडकलेल्या संसर्गात, असतं त्याहून कमीच निघालं. तुझ्या हातातला तो एक आकडा बाबांची पूर्ण गोष्ट नव्हती. तू काही वेगळं करायला हवं होतंस असं त्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं.

आता इंजेक्शन. लुधियानात जन्मलेले रविंदर मैनी आणि त्यांचे सहकारी मार्क फेल्डमन यांनी लंडनमध्ये १९९२ साली संधिवाताच्या पेशंटांना टीएनएफ अडवणारी अँटीबॉडी पहिल्यांदा दिली. तोवर बऱ्याच जणांचं म्हणणं होतं की सांध्यात इतके सारे सायटोकाइन आहेत, एक अडवून काय होणार. पण टीएनएफ हा पुढच्या ढोलवाल्यासारखा निघाला, तो थांबला की मागचे बरेच हळू झाले. म्हणजे हे औषध सगळी इम्युनिटी बंद करत नाही, एक निरोप अडवतं.

पण तुझी भीती खोटी नाही, आणि डॉक्टरांनी ती दोन मिनिटांत उडवून लावली असेल तर ते मला आवडलेलं नाही. टीएनएफचं एक मोठं काम म्हणजे टीबीच्या जंतूंभोवती कुंपण धरून ठेवणं. आपल्याकडे कित्येकांच्या फुफ्फुसात टीबीचे जंतू वर्षानुवर्षं झोपलेले असतात, पेशींनी त्यांच्याभोवती गाठ बांधून ठेवलेली असते, माणसाला पत्ताही नसतो. टीएनएफ अडवला की ते कुंपण सैल होऊ शकतं, २००१ मध्येच अमेरिकेच्या औषध नियंत्रकांकडे अशा सत्तर केसेसची नोंद झाली होती. आणि जगातल्या दर चार टीबी पेशंटांमागे एक भारतातला, म्हणजे आपल्याला हे हलक्यात घेताच येत नाही. म्हणून इंजेक्शनच्या आधी छातीचा एक्स-रे आणि टीबीसाठी मॅन्टू (हातावर सुई टोचून) किंवा इग्रा (रक्ताची) टेस्ट करतात, झोपलेला टीबी सापडला तर आधी त्याचं औषध सुरू करून काही आठवडे जाऊ देतात, हिपॅटायटिस बी आणि सी पण बघतात. घरात कधी कोणाला टीबी झाला होता का, आजोबा, काका, कामवाल्या मावशी, आठवून लिहून ने, लपवू नको, त्यात लाज कसली. इंजेक्शन सुरू झाल्यावर दोन-तीन आठवडे खोकला, संध्याकाळचा ताप, वजन उतरणं असं काही दिसलं तर 'व्हायरल असेल' म्हणत बसायचं नाही. फ्लू आणि न्यूमोनियाची लस आधीच विचारून घे, जिवंत जंतूंच्या लसी या औषधांवर असताना देत नाहीत.

इंजेक्शन हा एकच रस्ता आहे असंही नाही. मेथोट्रेक्सेट नीट घेऊन, डोस बदलून किंवा सोबत दुसरी गोळी जोडून पाहता येतं, तुझं पाच आठवड्यांचं खरं कळलं तर कदाचित डॉक्टर आधी तेच म्हणतील. जेएके, म्हणजे पेशीच्या आत निरोप पुढे नेणारी एन्झाइमं, ती अडवणाऱ्या गोळ्या आहेत, त्या पेशीच्या आत शिरून एकदम बऱ्याच सायटोकाइनचे निरोप कापतात, सुई नको म्हणून लोकांना आवडतात, पण नागीण होण्याची शक्यता वाढते आणि हृदयाचा, रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास असलेल्यांना जपून देतात. खर्चाचं म्हणशील तर भारतात बनणारे बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधासारखीच दुसऱ्या कंपन्यांची इंजेक्शनं, आल्यापासून इंजेक्शनं पूर्वीपेक्षा स्वस्त झाली, किती महिने घ्यावी लागतील आणि एकूण किती पैसे लागतील हे आधीच विचारून घे, अर्ध्यात सोडण्यापेक्षा बरं. एकच रस्ता मला मान्य नाही, तो म्हणजे आत्ता तू धरलेला, काहीच न घेता वाट बघणं. सूज उतरते गं, कुरतडलेलं हाड परत भरून येत नाही. खडूने लिहिणारा हात आहे तुझा.

दोन गोष्टी तू पत्रात लिहिल्या नाहीस म्हणून विचारते. मूल हवं आहे का? मेथोट्रेक्सेट गर्भाला घातक आहे, आधी ठरवून, डॉक्टरांना विचारून काही महिने अगोदर ते बंद करावं लागतं, त्यामुळे ही गोष्ट पहिल्याच दिवशी बोलायची. आणि गोळी परत सुरू झाली तर ती आठवड्यातून एकदाच असते, रोज नाही. हे मी ठळक सांगते कारण 'गोळी म्हणजे रोजची' असं धरून लोकांनी रोज घेतली आणि तोंडात फोड, रक्तातल्या पेशी खलास, जिवावर बेतलं असं खरोखर होतं. एक वार ठरव, चिठ्ठीवर वाराचं नाव मराठीत लिहून घे, सोबत दिलेली फॉलिक अॅसिडची (व्हिटॅमिनची) गोळी वेगळ्या डबीत ठेव. स्वतःहून उद्यापासून सुरू नको करू, आधी फोन कर.

डॉक्टरांना काय सांगू, ओरडतील का, असं तू विचारतेस. कदाचित ओरडतील. पण अपॉइंटमेंटच्या आदल्या दिवशी एवढा मेसेज टाकून बघ: 'सर, मी घाबरून पाच आठवडे गोळी घेतली नाही, गुळवेलीचा काढा घेत होते, उद्या येते आहे, आधी लिव्हरची टेस्ट करून आणू का?' समोर बसून बोलण्यापेक्षा हे सोपं जातं, आणि समोर गेल्यावर पहिलं वाक्य तुला बोलावं लागत नाही.

सासूबाईंना सोबत ने. घरी तू समजावलंस तर ते सुनेचं उलट बोलणं होईल, डॉक्टरांनी सांगितलं तर ती माहिती होईल, आपल्याकडे असंच आहे, काय करता. त्यांना सकाळचं काम हवं असेल तर कोमट पाण्याचं भांडं द्यायला सांग, त्यात दहा मिनिटं हात बुडवून बोटं हळूहळू उघड-मीट कर, डिसेंबरात तर फार बरं वाटतं. घरात कोणी सिगरेट ओढत असेल तर बाहेर पाठव, हा आजार तंबाखूच्या धुराने बळावतो, खर्र्याबद्दल तर मी या सदरात इतक्यांदा लिहिलं की आता मलाच कंटाळा आला.

आणि जाताना ती गुळवेलीची पावडर किंवा वेलीचा तुकडा, जे असेल ते, डब्यासकट पिशवीत टाकून ने. कुठून आणली तेही विचारून ठेव.